आयव्हाची सही

मी एक जुनं पॅड आहे, मित्रांनो. तुम्ही परीक्षेला नेता ना, वरच्या बाजूला लोखंडी चिमटा असलेलं, तसलंच. रंगाने तपकिरी. लाकडाचा भुसा वाफवून, तापलेल्या यंत्राखाली दाबून माझी फळी झाली. एका दिवसात माझी हजारो भावंडं त्या यंत्रातून बाहेर पडत. त्यातली कोणी डॉक्टरांच्या हातात गेली, कोणी गोदामात, कोणी शाळेत. माझ्या वाट्याला पाण्याचे मीटर आले. सुरुवातीला मला त्याचं जरा वाईट वाटलं होतं.

ओहायो नदीच्या काठावर टॅनर्स फेरी नावाचं लहानसं शहर आहे. तिथल्या पाणीपुरवठा खात्याने १९३४ साली मला विकत घेतलं आणि ऑर्लो टिबेट्सच्या हातात दिलं. ऑर्लो घरोघरी जाऊन मीटर वाचायचा आणि आकडे माझ्यावरच्या कागदावर लिहायचा. उंच, किडकिडीत आणि कमालीचा लाजाळू माणूस. दार वाजवून तो "मीटर" एवढंच म्हणायचा. तळघरात उतरायचा, वर यायचा, टोपीला हात लावायचा आणि चालू पडायचा. देवाने ऑर्लोला शब्द रेशनवर दिलेत, अशी गावात त्याची थट्टा व्हायची.

सत्तावीस वर्षं आम्ही दोघांनी त्या शहराची तळघरं पाहिली. कोणाकडे फळीवर लोणच्याच्या बरण्या मांडलेल्या असत, कोणाकडे कोळशाचा ढीग, तर कोणाकडे कापडाखाली झाकून ठेवलेला, कधीच न वापरलेला पाळणा. ऑर्लोने यातलं अवाक्षर कधी कोणाला सांगितलं नाही. माझा खालचा कोपरा फ्राय नावाच्या एका घरच्या कुत्र्याने चावून तोडला. चिमट्याला गंज चढला, तो ऑर्लोने तेल लावून उतरवला. खात्यातले साहेब म्हणायचे की ऑर्लोच्या आकड्यांत एवढ्या वर्षांत एकही चूक सापडली नाही. तेव्हा मला वाटायचं, यात थोडं श्रेय माझंही आहे.

१९६१ साली तो निवृत्त झाला. खात्याने त्याला एक घड्याळ दिलं आणि मला परत मागितलं नाही. त्याची बायको आधीच गेली होती. त्याने मला स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलं. दोन वर्षं माझ्यावर पाव, कॉफी, बटाटे एवढंच लिहिलं गेलं. कामाची सवय झालेल्याला असं रिकामं लटकत राहणं फार जड जातं.

मग १९६३ चा जून उजाडला. नगरसभेने चार विरुद्ध तीन मतांनी ठराव केला की शहराचं पाणीपुरवठा खातं बाहेरच्या एका कंपनीला विकायचं. नगरसभेतली माणसं वाईट नव्हती. टेकडीवरच्या घरांत नळाला तांबूस पाणी यायचं, जमिनीखालचे नळ खरोखरच जुने झाले होते आणि कंपनी ते बदलून देणार होती. पण एवढी मोठी गोष्ट ठरवताना लोकांना कोणी विचारलं नाही. ऑर्लोने बातमी वाचली, पेपर घडी घालून ठेवला आणि तो बराच वेळ चालू नळाकडे बघत बसला.

शहराच्या सनदेत, म्हणजे कारभाराच्या मूळ नियमांत, एक कलम होतं. ठराव झाल्यापासून तीस दिवसांत चारशे बारा मतदारांनी सह्या केल्या, तर ठराव थांबायचा आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत सगळ्या शहराला विचारून त्याचा निकाल लागायचा. निवृत्त शिक्षिका हॅम्बीबाई यांनी ते कलम शोधून काढलं. अर्ध्या गावाला त्यांनी शुद्धलेखन शिकवलं होतं. सह्या गोळा करायला त्यांना पाच माणसं हवी होती. चार मिळाली आणि पाचव्यासाठी त्या आमच्या दारात आल्या.

"ऑर्लो, या गावातलं दारन् दार तुझ्या ओळखीचं आहे," त्या म्हणाल्या.

"दारं ओळखीची आहेत, बाई. माणसांशी कधी बोललो नाही."

"मग आता बोल. तीसच दिवस बोलायचंय. पुढे जन्मभर गप्प बस, मी काही म्हणणार नाही."

ऑर्लोने मला खिळ्यावरून काढलं, फडक्याने पुसलं. बाईंनी माझ्या चिमट्यात सह्यांचा कागद लावला. त्याच्यामागे आठ पानांचा अख्खा ठराव लावला, म्हणजे ज्याला वाचायचा त्याला वाचता यावा. मग त्यांनी नियम सांगितले. सही शाईने करायची. ज्याची त्याने करायची. आणि प्रत्येक सही ऑर्लोच्या डोळ्यांदेखत व्हायला हवी, कारण शेवटी तसं त्याला शपथेवर लिहून द्यायचं होतं. एक सही जरी न पाहता आली आणि तरी त्याने शपथ घेतली, तर तो सगळा कागद बाद.

पहिल्या दिवशीची गंमत मी अजून विसरलो नाही. ऑर्लोने पहिलं दार वाजवलं आणि सवयीने म्हणाला, "मीटर." घरातल्या बाईंनीही सवयीने तळघराचं दार उघडलं. तो खाली उतरला, मीटर वाचला, वर आला आणि उंबऱ्यात अडखळून उभा राहिला. कान लाल झाले होते. शेवटी त्याने मला पुढे केलं आणि बाईंना म्हणाला की खरं तर सही हवी होती. त्या इतक्या हसल्या की शेजारीण काय झालं म्हणून बघायला आली. पहिल्या दोन सह्या अशा मिळाल्या.

पुढे त्याला जमू लागलं. जुलैच्या उन्हात तो रस्त्यांमागून रस्ते पालथे घालायचा. कोणी व्हरांड्यात बसवून गार चहा द्यायचं, कोणी जाळीच्या दाराआडूनच नको म्हणायचं. एका न्हाव्याने त्याला ऐकवलं की तू बोलायला लागलास, आता गावात मुकं म्हणून कोणाला दाखवायचं? चार जुलैच्या, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत लोकांनी मला मोटारीच्या टपावर ठेवून सह्या केल्या. टप तापलेला होता, पण मी सुखात होतो. माझ्यावर आकड्यांऐवजी पहिल्यांदाच माणसांची नावं उमटत होती. कोणाचं नाव ऐसपैस, कोणाचं कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं. नव्वदीतल्या एका आजोबांनी सही करण्याआधी डोक्यावरची टोपी काढून ठेवली.

मुदत मंगळवारी दुपारी बाराला संपत होती. आदल्या शनिवारी ऑर्लो क्लेटस फ्रायकडे गेला. क्लेटस त्याचा शाळासोबती. जन्मभर दुधाची गाडी चालवलेला, मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा माणूस. त्याची बायको आयव्हा टेलिफोन केंद्रात काम करायची. तीस वर्षं गावात कोणाला कोणाशी बोलायचं झालं, तर आधी आयव्हाशी बोलावं लागे. तिला पाचशे आवाज नुसत्या "हॅलो"वरून ओळखता यायचे. आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात तिला पक्षाघाताचा झटका आला. शरीराची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तेव्हापासून ती वरच्या मजल्यावरच्या खोलीत होती.

क्लेटसने मला हातात घेतलं आणि सही ठोकली. तेवढ्यात त्यांचा कुत्रा ऑर्लोच्या बुटाला झोंबला. मला चावलेल्या कुत्र्याच्याच घराण्यातला तो. ऑर्लो त्याला आवरायला खाली वाकला. त्या चार क्षणांत क्लेटसने पुढच्या ओळीवर आणखी एक नाव लिहून टाकलं आणि मला परत दिलं. मला कळलं होतं, पण मी बोलणार कसा?

सोमवारी सकाळी ऑर्लो टेबलाशी बसून एकेक ओळ तपासत होता. एकोणतिसाव्या ओळीवर त्याचं बोट थांबलं. तिथे लिहिलं होतं, आयव्हा फ्राय. अक्षर मात्र अठ्ठाविसाव्या ओळीचं, तोच तिरपेपणा, तेच फटकारे. त्याची कॉफी तशीच निवून गेली. मग त्याने पट्टी घेतली आणि त्या नावावर सरळ रेघ ओढली. हॅम्बीबाईंना फोन करून त्याने सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या की खोडलंस ते बरं केलंस, पाचशेच्या वर सह्या आहेत, एकीने काही अडत नाही, कागद घेऊन ये.

"कागदाचं ठीक आहे, बाई," ऑर्लो म्हणाला. "पण तिला कोणी विचारलंच नाही."

त्याने मला काखेत मारलं आणि तो पुन्हा फ्राय यांच्या दारात गेला.

क्लेटस आधी हसला आणि मग चिडला. त्याचंही खोटं नव्हतं. दीड वर्ष तो आयव्हाला भरवत होता, तिचे केस विंचरत होता, डॉक्टरांशी, बँकेत, चर्चमध्ये तिच्या वतीने बोलत होता.

"तिच्या मनातलं मला न सांगता कळतं," तो म्हणाला.

"कळत असेल. मला मात्र तिच्याकडून कळायला हवं."

"अरे, ती बोलत नाही, ऑर्लो."

"मी तरी कुठे बोलायचो?"

क्लेटस जिन्यातून बाजूला झाला.

आयव्हा खिडकीशी खुर्चीत बसली होती. तिथून नदी दिसायची. ऑर्लोने टोपी काढली, स्टूल ओढलं आणि कशासाठी आलो ते सांगितलं. मग त्याने ठराव वाचायला घेतला. मित्रांनो, आठ पानं होती ती, आणि वकिली भाषा. एवढं लांबलचक तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. मध्येच घसा कोरडा पडला, तेव्हा तिच्या पेल्यातलं पाणी तो प्याला. पाणी तांबूस होतं, कारण फ्राय यांचं घर टेकडीवर होतं. आयव्हा त्याच्या तोंडाकडे बघत होती. दीड वर्षात तिच्यासमोर लोक एकमेकांशी बोलले होते, पण तिच्याशी असं कोणी बोललं नव्हतं.

सहाव्या कलमाशी तिने डावं बोट उचललं. त्या कलमात लिहिलं होतं की कंपनी टेकडीवरचे सगळे नळ तीन वर्षांत बदलून देईल. ऑर्लोने ते पुन्हा वाचलं. तिचं बोट पुन्हा वर झालं. त्याने तिसऱ्यांदा वाचलं.

"बघ," दारात उभा असलेला क्लेटस हळूच म्हणाला. "तिला विकलेलंच हवंय. आता काय करशील?"

सत्तावीस वर्षं ज्या खात्याची सेवा केली, ते वाचवायला तो महिनाभर उन्हात फिरला होता. आणि समोरची बाई कदाचित त्याच्या विरुद्ध मताची होती.

"आयव्हा," तो म्हणाला, "ही सही विकू नका म्हणून नाही. आम्हाला विचारा, एवढंच ही सही म्हणते. नोव्हेंबरात तुला पटेल तिकडे मत दे. माझ्या विरुद्ध दे."

मग तिने डावा हात पेनासाठी पुढे केला.

ऑर्लोने मला तिच्या मांडीवर ठेवलं आणि खालून दोन्ही हातांनी धरलं. पेन तिच्या बोटांतून दोनदा निसटलं. क्लेटसला राहवेना. तो पुढे आला आणि तिच्या हाताला धरून वळण देऊ लागला. तिने कोपराने त्याला बाजूला सारलं. एकेका अक्षराला ती थांबायची, श्वास घ्यायची. शेवटच्या अक्षराशी शाईचा ठिपका पडला. मोडक्या कुंपणासारखं दिसत होतं ते नाव, पण तिचं होतं. त्याला अकरा मिनिटं लागली. ती चेहऱ्याच्या एका बाजूने हसली. क्लेटस खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

मंगळवारी अकरा वाजता कागद नगर कारकुनांच्या टेबलावर गेले. एकूण पाचशे तीन सह्या होत्या. दहा दिवसांनी तपासणी पुरी झाली. सत्त्याहत्तर बाद, चारशे सव्वीस ग्राह्य. ठराव थांबला, नोव्हेंबरात सार्वमत ठरलं. हॅम्बीबाईंनी ऑर्लोला चक्क मिठी मारली. ऑर्लो मात्र बाद झालेल्या नावांची यादी वाचत होता. त्यात आयव्हाचं नाव होतं.

कारकूनबाई त्याच्याशी सौम्यपणे बोलल्या. मतदार कार्डावर उजव्या हाताची जुनी सही आहे, ही डाव्या हाताची त्या सहीशी जुळत नाही, आणि नियम काही त्यांनी केलेला नाही. तो रागावला नाही. मग आता तिने काय करायचं, एवढंच त्याने विचारलं. बाई म्हणाल्या की डाव्या हाताच्या सहीचं नवं कार्ड करता येईल, फक्त ती सही दर वेळी सारखी यायला हवी. आणि तिला इथवर येणं जमत नसेल, तर कार्ड घेऊन त्या स्वतः तिच्या घरी जातील.

ऑर्लोने ही हकिगत आयव्हाला स्वतः सांगितली. सही बाद झाली हे ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने माझ्या चिमट्यात कोऱ्या कागदांचा गठ्ठा लावला, मला तिच्या मांडीवर ठेवलं आणि तो रिकाम्या हातांनी घरी गेला. असा मी आयव्हाचा झालो.

सहा आठवडे ती रोज सकाळी माझ्यावर आपलं नाव लिहायची. आधी चाळीसदा, पुढे साठदा. कागद संपले की क्लेटस दुधाच्या जुन्या पावत्या आणून द्यायचा, त्यांची मागची बाजू कोरी असे. सप्टेंबरात कारकूनबाई आल्या, जिना चढल्या, शेजारी बसल्या. आयव्हाने नव्या कार्डावर सही केली. बाईंनी ती कागदांवरच्या सरावाशी ताडून पाहिली आणि कार्ड पिशवीत ठेवलं.

नोव्हेंबरच्या त्या मंगळवारी क्लेटस आणि ऑर्लोने तिला स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली आणलं. दीड वर्षांपेक्षा जास्त काळाने तिच्या अंगाला वारा लागला. मतदान शाळेत होतं, पण पायऱ्या उंच होत्या. म्हणून दोन्ही राजकीय पक्षांचा एकेक, असे दोन मतदान अधिकारी मतपत्रिका घेऊन मोटारीपाशी आले. तिने मतदारांच्या वहीत सही केली. ती नव्या कार्डाशी जुळली. मतपत्रिकेखाली कडक काहीतरी हवं होतं, म्हणून मला तिच्या मांडीवर ठेवलं.

क्लेटस सवयीने खिडकीतून आत डोकावला.

"मिस्टर फ्राय, जरा मागे व्हा," एक अधिकारी म्हणाला. "हे त्यांचं त्यांना करू द्या."

क्लेटस मागे सरला. रस्त्याच्या कडेला ऑर्लो पाठ करून उभा होता. त्याच्या शेजारी तोही पाठ करून उभा राहिला. दोघांनी टोप्या हातात घेतल्या होत्या. आत आयव्हाने दोन्ही चौकोन नीट पाहिले, पेन्सिल टेकवली आणि एका चौकोनात फुली मारली. तिने पेन्सिल एवढी दाबली की ती फुली माझ्या अंगावर उमटली.

एकसष्ट मतांनी विक्री रद्द झाली. पण टेकडीवरचं पाणी तांबूस होतं ते होतंच. ऑर्लो नगरसभेत गेला, उभा राहिला आणि म्हणाला की आता नळ बदलायची जबाबदारी आपल्यावर आली. जुने नळ जमिनीखाली कुठून कुठे गेलेत, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. पुढची पाच वर्षं तो मजुरांबरोबर फिरून जागा दाखवत राहिला. फ्राय यांच्या घरी स्वच्छ पाणी आलं, त्या दिवशी आयव्हाने पेला खिडकीशी धरून उजेडात पाहिला.

क्लेटसने एकदा ऑर्लोला विचारलं, तिने फुली कुठे मारली असेल रे? ऑर्लो म्हणाला, तिलाच विचार. क्लेटस म्हणाला, विचारलं, नुसती हसते.

मला माहीत आहे. पण मी सांगणार नाही.

त्यानंतर आयव्हा आठ वर्षं जगली आणि ती आठही वर्षं मी तिची वाचा होतो. ती माझ्यावर लिहून भांडायची, थट्टा करायची, रेडिओचा आवाज कमी कर म्हणायची. माझ्या आयुष्यातली तीच सगळ्यांत चांगली वर्षं. ती गेली, मागोमाग ऑर्लो गेला, मग क्लेटस. घर विकलं गेलं आणि मी गॅरेजमध्ये रंगाच्या डब्याखाली गेलो. माझ्या अंगावर पांढऱ्या रंगाचं वर्तुळ पडलं. किती वर्षं तिथे होतो ते आठवत नाही. अंधारात वर्षं मोजता येत नाहीत.

आता मी शहराच्या वाचनालयात, मुलांच्या खोलीतल्या खोक्यात असतो. तुमच्याएवढी मुलं माझ्यावर कागद लावून चित्रं काढतात. माझा चिमटा सैल झालाय, त्याला तेल हवंय. कधी कोणी मला जमिनीवर टाकून देतं, तेव्हा जरा दुखतं.

माझं तुमच्याकडे फारसं मागणं नाही, मित्रांनो. मोठे झालात की माझ्यासारखं एखादं पॅड घेऊन कोणीतरी तुमच्याही दारात येईल. त्याला आत बोलवा. सही करा किंवा करू नका, पण आधी वाचा, आणि नाव लिहायचं ते आपलंच लिहा. घरात कोणी न बोलणारं असेल, तर त्यालाही विचारा. त्याला उत्तर द्यायला वेळ लागला तर लागू द्या. तोवर कागद नीट धरून ठेवा.